खिशातला सेल

जिते गावातला एक तरुण हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातो. सण जवळ आला की तिथं रात्री उशिरापर्यंत काम चालतं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असताना लाइट गेली तर हात थांबवून भागत नाही, म्हणून त्यानं डोक्याला बांधायची टॉर्च घेतली. सोबत बाजारातून चार्जिंगचे दोन सुटे सेल आणले.

एका सकाळी घाईघाईत त्यातला एक त्यानं पँटच्या खिशात टाकला. त्याच खिशात मोटारसायकलची किल्ली होती, सुट्टे पैसे होते. कारखान्याच्या दारात पोचतो तोच मांडीला चटका बसला. काय झालं ते कळेपर्यंत खिशातून धूर निघू लागला. सेल बाहेर ओढताना बोटंही भाजली. जखम भरायला कित्येक दिवस गेले आणि ऐन हंगामातली मजुरी बुडाली.

कारखान्यात नवा पोरगा आला की हा तरुण त्याला आता आधी हेच सांगतो, “सेल खिशात नाय टाकायचा. डबीत घालून आण.”

झालं होतं ते असं. हा सेल ‘१८६५०’ या नावानं ओळखला जातो. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. त्याचं वरचं टोक धन असतं, पण बाकीचं अख्खं धातूचं नळकांडं ऋण असतं. दोहोंमध्ये असते ती कागदी चकती आणि पातळ प्लॅस्टिकचं आवरण. आवरण जरा फाटलं आणि किल्लीनं टोक व कड एकदम शिवली की सेल शॉर्ट होतो. आत साठलेली वीज झपाट्यानं बाहेर पडते आणि सेल तापतो. आतलं तापमान हाताबाहेर गेलं की तो पेटतो किंवा फुटतो.

त्या सेलवर ‘९९०० एमएएच’ अशी क्षमता छापलेली होती. तिथंच फसवणूक ओळखता आली असती. नामांकित कंपन्यांचे या मापाचे चांगले सेलही ३५०० च्या आसपासच असतात.

सेल जपायला सर्किट लागतं. प्रवाह वाढला, चार्जिंग जास्त झालं किंवा शॉर्ट झालं तर ते पुरवठा तोडतं. ‘प्रोटेक्टेड’ सेलमध्ये ते बुडाशीच बसवलेलं असतं. असे सेल ई-सिगारेटमध्येही असतात. तिच्यात सर्किट नसलं तर बटण दाबलं की वीज थेट आतल्या तापणाऱ्या तारेत जाते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात असंच यंत्र फुटून एकाचा जीव गेला. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटच्या उत्पादन, आयात आणि विक्रीवर बंदी आहे. त्यामुळे सर्किटवाली घ्यावी की बिनसर्किटची, हा प्रश्नच आपल्याकडे उरत नाही. चोरून विकल्या जाणाऱ्या वस्तूतल्या सेलची हमी कोणीच देत नाही.

सर्किट असलं तरी डोळे मिटून राहता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्र सरकारनं ई-वाहनांच्या बॅटरीचे नियम कडक केले.

म्हणून खरेदी करताना सेलवर किंवा पॅकवर ‘आयएस १६०४६’ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. सुटा सेल कायम प्लॅस्टिकच्या डबीत असावा. जुना आणि नवा सेल एकाच यंत्रात घालू नये. चार्जर त्याच यंत्राचा वापरावा आणि चार्जिंग जागेपणी, गादी-पडद्यांपासून लांब, फरशीवर करावं. फुगलेली किंवा वास येणारी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी. भाजलंच तर जखमेवर टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. वीस मिनिटं वाहतं गार पाणी सोडावं आणि दवाखाना गाठावा.

गणपतीच्या तयारीला घरोघरी टॉर्च, माळा आणि पॉवर बँका बाहेर निघतील. त्यातला प्रत्येक सेल एकदा हातात घेऊन बघा. आवरण फाटलेलं दिसलं, तर तो तेव्हाच बाजूला काढा.