काचेचा आधार

मोटारीची पुढील काच केवळ वारापाऊस अडविते, असे पुष्कळांस वाटते. परंतु तिच्यावर जीवरक्षणाचेही काम सोपविलेले असते. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालून ती बनवितात. म्हणून ती तडकली तरी तिचे तुकडे सहसा विखुरत नाहीत.

समोरून जोराची टक्कर होताच चालकाशेजारच्या आसनापुढील हवेची पिशवी डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते. पुष्कळ मोटारींत ती या काचेला टेकून उतारूस झेलते. काच नीट चिकटविलेली नसेल किंवा तडे जाऊन दुबळी झाली असेल, तर त्या धक्क्याने ती निखळू शकते. मग पिशवीस आधार कोणाचा?

म्हणून नवी काच बसविताना कुशल कारागीर चौकटीवरील धूळ व गंज काढतो आणि चिकटद्रव्य घट्ट होईपर्यंत मोटार हलवू देत नाही. घाईने वाचविलेली घटका एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.