अल्प पाण्याच्या मळ्यासाठी टोमॅटोची हळवी जात

ज्याची विहीर वैशाखापर्यंत पुरते, त्या बागाइतदाराने टोमॅटोची कोणती जात लावावी हा प्रश्न बहुधा बाजारभावाचा असतो. परंतु देशावरील पुष्कळ विहिरी माघातच तळ दाखवू लागतात. तेथे पीक पुरते हाती येईल की नाही, हाच प्रश्न होऊन बसतो. अशा मळ्यास हळवीच जात लावावी, मग एकंदर उत्पन्न थोडे कमी आले तरी चालेल. पाटाच्या पाण्यावर शेजाऱ्याने उंच जातीचे अमाप पीक काढलेले पाहून कोणी मोहात पडू नये.

हा हळवेपणा झाडाच्या ठेवणीत असतो. गरव्या, उंच जातीचा शेंडा सारखा वाढत राहतो. तिचा पहिला फुलोरा उशिरा येतो, व पुढे साधारणपणे दर तीन पानांनंतर एकेक घोस लागतो. बहुतेक हळव्या जाती ठेंगण्या असतात. त्यांत घोसांमध्ये एक-दोनच पाने असून थोड्या घोसांनंतर शेंडाच फुलोऱ्यात संपतो, म्हणून फळे थोड्या आठवड्यांत एकदम पिकतात. असे ठेंगणे झाड १९१४ साली अमेरिकेतील फ्लॉरिडात आढळले. उत्तर डकोटातील शास्त्रज्ञ यीगर यांनी या गुणाच्या आनुवंशिकतेवरील आपला अभ्यास १९२७ साली प्रसिद्ध केला व पुढे ‘बायसन’ ही ठेंगणी जात काढली. त्या प्रांतात हिमकडाक्यावाचूनचा काळ जेमतेम चार महिन्यांचा असल्याने तेथे अशा जातीची निकड होती.

आपल्याकडे ही मुदत पाणी ठरविते, आणि थंडीही त्यात भर घालते. रात्रीचे उष्णमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की फूल आले तरी फळ नीट धरत नाही. निफाडकडे पौषात पारा याहून बराच खाली उतरतो. गरव्या जातीचा ऐन बहर त्याच दिवसांत सापडतो. पुढे ऊन वाढून फळधारणा पुन्हा बिघडते, व तोवर मोटर ओढायला पाणीही उरत नाही.

म्हणून ऑगस्टअखेर गादीवाफ्यावर बी टाकावे आणि पंचवीस-तीस दिवसांची रोपे सप्टेंबरअखेर लावावी. म्हणजे थंडी जोर धरण्यापूर्वी बरीच फळे धरतात. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेची ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ ही जात लागणीपासून सुमारे अडीच महिन्यांत तोड्यास येते. पाकिटावरील दिवस बहुधा लागणीपासूनचे असतात. विहिरीच्या पाण्याचा हिशेब करताना रोपांचा महिना त्यात धरावा.

रोपांच्या वयाकडे मात्र विशेष लक्ष असावे. उंच जातीचे रोप वाफ्यात जून झाले तरी पुढे सावरते. ठेंगण्या जातीचे रोप वाफ्यातच फुलावर आले, तर ते खुजे राहून चार फळांवर आटोपते. पांढरी माशी चुरडामुरडा पसरविते, यास्तव वाफ्यावर पातळ कापड ताणावे.

उंच जातीप्रमाणे या जातीच्या बगलफुटी खुडू नयेत. उत्पन्न त्यांच्यावरच येते. फळे जमिनीलगत येतात म्हणून खाली उसाचे पाचट पसरावे. त्याने फळ कुजत नाही आणि ओलही टिकते. सरळ जात असल्यास निरोगी झाडांची पहिली पक्व फळे बियाण्यास ठेवावी. संकरित वाणाचे बी मात्र दरसाल विकतच घ्यावे लागते.