जुनी सिएरा आणि स्वधर्म



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३५

भावार्थ: दुसऱ्याचा धर्म उत्तम पाळता आला, तरी त्यापेक्षा आपला धर्म बरा, मग तो उणा का दिसेना. परधर्म भय देतो. इथे धर्म म्हणजे आपल्या स्वभावानुसार वाट्याला आलेलं कर्तव्य.

हा श्लोक वाचला की हमखास प्रश्न येतो. मग स्वतःला सुधारायचंच नाही का?

माझा एक मित्र वडिलांची टाटा सिएरा पुन्हा उभी करतोय. टेल्कोने १९९१ साली आणलेली ही गाडी आपल्या पिंपरीचीच. तीन दारं, मागे छतापर्यंत वळलेल्या काचा, १९४८ सीसीचं डिझेल इंजिन. त्या काळात रस्त्यावर माना वळायच्या. वडील गेल्यापासून गाडी पावसापाण्यात उभी होती. मित्राला वाटलं, आता नवं, दुप्पट ताकदीचं इंजिनच टाकू. भोसरीचे मिस्त्री म्हणाले, "बसेल की दादा. पण मग गिअरबॉक्स, ब्रेक, माउंटिंग सगळं त्याच्या मापाचं लागणार. आरटीओची परवानगी वेगळी. एवढं करून यात वडिलांची गाडी किती राहील?"

ताकद उसनी आणि ती पेलायची आपल्या सांगाड्याने. परधर्मातलं भय मला तिथे नीट कळलं.

पण मिस्त्रींनी गाडी होती तशीही ठेवली नाही. जुनी पुट्टी खरवडली, गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, मग प्रायमर. गंजावरच रंग मारला तर तो फुगून पुन्हा वर येतो. हेडलाइट मंद होते, कारण करंट स्विचमधून लांबून यायचा आणि वाटेतच व्होल्टेज पडायचं. त्यांनी रिले लावून बॅटरीपासून जाड वायर थेट नेली. बल्ब तेच, उजेड वाढला!

आता याच अध्यायात तीन श्लोक पुढे या. धुराने अग्नी, धुळीने आरसा, तसं कामनेने ज्ञान झाकलं जातं, असं भगवंत सांगतात. आरशाची धूळ म्हणजे आरसा नव्हे. गंज म्हणजे गाडी नव्हे. म्हणून "मी मुळातच रागीट आहे" किंवा "मला सकाळी उठवतच नाही" हा स्वधर्म नाही, मित्रांनो. तो गंज आहे. तो काढायचाच.

शेजारच्या आळंदीच्या माउली ज्ञानेश्वरीत विचारतात, की लोकांचे सुंदर वाडे पाहून आपली गवताची झोपडी मोडायची का? मोडायची नाही, हे खरं. पण पावसाळ्याआधी ती शाकारायला कुणाची ना आहे?

मित्राचं पॅकेज, कुणाची परदेशवारी, कुणाचं पहाटे चारचं ध्यान, हे सगळं रोज मोबाइलवर दिसतं आणि आपलं आयुष्य जुनाट वाटायला लागतं. तेव्हा इंजिन बदलायला धावू नका. दहा मिनिटांचं नामस्मरण रोज, न चुकता करा. वायर आधी नीट जोडली जाऊ द्या.

आजचा अभ्यास: वहीत दोन रकाने करा. एकात "माझा गंज", दुसऱ्यात "दुसऱ्याचं पाहून हवंसं वाटलेलं". पहिल्यातली एक गोष्ट आज खरवडायला घ्या. दुसऱ्यातली एक शांतपणे खोडा.

राम कृष्ण हरी!