खजिनदारकी आधी, भाषण नंतर

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाड, बिरवाडी, सव, दासगाव ते थेट पोलादपूरपर्यंत घरोघरी तेच प्रश्न सुरू होतात. कोणती शाखा घ्यायची, लोणेऱ्याच्या विद्यापीठात नंबर लागेल का, की आयटीआय करून एमआयडीसीत चिकटवून टाकायचं? गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका काळजीची भर पडली आहे. पोरगं हुशार आहे, पण चारचौघांत पुढे होत नाही. मुलाखतीत ‘लीडरशिप’ विचारतात म्हणे, ती कुठून आणायची? बाजाराकडे याचं उत्तर तयार असतं. दोन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, फोटोसाठी फेटा, शेवटी सर्टिफिकेट. माझं मत स्पष्ट आहे: या शिबिरांवरचा बहुतेक पैसा वाया जातो. तिथे माइक धरायला शिकवतात, जबाबदारी धरायला शिकवत नाहीत. आपण चुकलो तर दुसऱ्याचं नुकसान होईल, अशा खऱ्या कामातूनच नेतृत्व अंगी येतं. मात्र तेव्हा पाठीशी हिशोब मागणारा आणि वेळेला सांभाळून घेणारा मोठा माणूस लागतो. अशी कामं गावात आणि कारखान्यात आजही मिळतात, बहुतेक वेळा फुकट.

तरुणांकडे खरी जबाबदारी सोपवण्याचे जे जुने प्रयोग नोंदले गेले आहेत, त्यांतले बरेच ख्रिस्ती संस्थांमधले आहेत. विशेष म्हणजे त्यांतले काही थेट कामाच्या ठिकाणीच उगवले. वायएमसीए हे नाव मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांना वसतिगृह म्हणून ठाऊक असतं. पण 1844 साली लंडनमध्ये ती सुरू केली जॉर्ज विल्यम्स नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने. शेतकऱ्याच्या घरातून शहरात येऊन तो कापडाच्या पेढीत नोकरीला लागला होता, आणि पहिले सोबती म्हणून त्याने गोळा केले ते बहुतेक त्याच दुकानातले नोकर. पुढे बेल्जियममध्ये जोसेफ कार्डाइन या धर्मगुरूने हीच दिशा आणखी पक्की केली. त्याच्या बरोबरीची पोरं शाळा सोडून कारखान्यांत गेली आणि त्याच्याकडे परकेपणाने पाहू लागली, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. 1925 साली त्याने तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभी केली. तिची पद्धत तीन पायऱ्यांची होती. आपल्या कारखान्यात नेमकं काय चाललंय ते आधी पाहायचं, ते योग्य की अयोग्य हे पारखायचं, आणि मग आपल्या हातून होईल असं एक काम करायचं. बैठक चालवायची ती तरुण कामगारानेच. धर्मगुरूने सोबत राहायचं, पण सूत्रं हाती घ्यायची नाहीत. 1961 साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात हीच पद्धत सर्वांसाठी सुचवली. या पद्धतीत भाषणकलेला जागाच नाही, हे लक्षात घ्यावं.

आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आल्या आणि 1900च्या सुमाराला तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मुलींना सांभाळायला बाहेरून माणसं आणणं शक्यच नव्हतं. मग मोठ्या मुलींनी लहानांना सांभाळायचं, शिकलेल्यांनी नव्यांना शिकवायचं, असं चाललं. विणकाम, शिवण, घाणा, गोठा, बागकाम, छापखाना हे सगळं मुलींच्या हाती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीच्या छापखान्यातल्या मुलींनी, आणि रमाबाई 1922मध्ये गेल्यानंतर 1924 साली ते पुस्तक प्रसिद्ध झालं. खिळे जुळवणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागेल. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं वाचायचं, ओळ भरायची, आणि एखादा काना चुकला तर छापलेला कागद वाया. शतकापूर्वी अनाथ ठरलेल्या मुलीवर कुणीतरी इतका विश्वास टाकला होता. आज आपण अठरा वर्षांच्या मुलाला बँकेत एकट्याला पाठवताना दहा वेळा विचार करतो.

इथे ख्रिस्ती नसलेल्या पालकांची शंका येणारच, आणि ती उघड बोललेली बरी. चर्चच्या तरुण संघात किंवा मिशनच्या संस्थेत मुलाला पाठवलं तर धर्माचं काय? ही शंका आजची नाही. 1893 साली रमाबाईंच्या शारदासदन या विधवांच्या शाळेवर हाच आक्षेप आला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांना भीती वाटली त्यांना मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही, कारण तिथे काही मुलींनी धर्म बदलला हे खरंच आहे. पण त्याच शारदासदनात शिकलेली गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाली. ती हिंदूच राहिली आणि धोंडो केशव कर्व्यांच्या विधवांसाठीच्या कामात आयुष्यभर खपली. म्हणजे शिकवण कुणाची आणि ती कुठे वापरायची, हे शिकणारा ठरवू शकतो. तरीही ज्याला संकोच वाटतो त्याने जाऊ नये. मला शिफारस करायची आहे ती पद्धतीची, संस्थेची नाही. तीच पद्धत गावच्या मंडळात, वारकऱ्यांच्या सप्ताहात, मशिदीच्या कमिटीत, बौद्धवाडीतल्या जयंतीच्या तयारीत चालते. ख्रिस्ती घरातल्या मुलांना मात्र एक वेगळं सांगणं आहे. संडे स्कूलमध्ये वर्ग घेणं, तरुण संघाचा हिशोब ठेवणं, नाताळचा कार्यक्रम उभा करणं हे ‘घरचंच’ समजून बायोडेटातून गाळू नका. वीस लहान मुलांना तासभर बसवून धरणं हे कुठल्याही शिबिराच्या सर्टिफिकेटहून मोठं काम आहे.

महाडला याचा पुरावा शोधायला केडगावपर्यंतही जावं लागत नाही. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म 1903 सालचा, महाड तालुक्यातल्या लाडवलीचा. अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेची दारं बंद झाली, तेव्हा शाळकरी वयातच त्यांनी लेखी तक्रार करून प्रवेश मिळवला. मार्च 1927मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचं वय चोवीस. हा सत्याग्रह ज्या परिषदेतून झाला तिच्या उभारणीत जे तरुण राबले त्यांत मोरे अगदी पुढे होते. आपण दरवर्षी 20 मार्चला तळ्याकाठी जातो आणि बाबासाहेबांचं भाषण आठवतो, ते योग्यच आहे. पण करिअरचा विचार करणाऱ्याने त्या परिषदेची मागची बाजूही पाहावी. गावोगाव निरोप पोचवायचे, वर्गणी जमवायची, मंडपाची सोय करायची, आलेल्यांना जेवू घालायचं. आणि पाणी? धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंद आहे की परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या परिषदेत पाण्याची व्यवस्था कुणीतरी बसून, पैसे मोजून केली. तो कुणीतरी असणं, हेच नेतृत्वाचं पहिलं पद. शिवाय हे तरुण एकटे नव्हते. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखी वजनदार, जाणती माणसं त्यांच्या पाठीशी होती. पाठीशी असं कुणी नसेल तर जबाबदारीचं ओझं होतं.

आता कारखान्याकडे येऊ, कारण आपल्याकडची बरीच मुलं शेवटी तिथेच जातात. महाडच्या रासायनिक कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेल्या पोराला कुणी पुढारी म्हणणार नाही. पण पाळी बदलतानाचं रजिस्टर उघडून पाहा. जाणारा ऑपरेटर त्यात लिहितो: रिअ‍ॅक्टरचं तापमान किती, दाब किती, कोणता व्हॉल्व्ह बंद ठेवलाय, कोणतं परमिट अजून उघडं आहे. ज्या पोराने हे नीट, खाडाखोड न करता लिहिलं, आणि येणाऱ्याला तोंडानेही समजावून सांगितलं, त्याच्यावर पुढची पाळी निर्धास्त उभी राहते. भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली, जिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने बसावेत असं त्या दुरुस्तीने ठरवलं. त्या खुर्चीवर बसायला कुणी धजत नाही, कारण तिथे साहेबासमोर बोलावं लागतं आणि आधी अभ्यास करावा लागतो. नोकरीत कायम झालेल्या तरुणाने दोन-चार वर्षांत ती खुर्ची मागावी, असं माझं सांगणं आहे. नोव्हेंबर 2023मध्ये याच एमआयडीसीत झालेल्या स्फोट आणि आगीत कामगारांचे जीव गेले, हे विसरून ‘सेफ्टीचं काय, कागदं भरायची’ असं म्हणणाऱ्याच्या हाताखाली मुलाला पाठवू नका.

यावर एक जोरदार आक्षेप असा की कारखान्यात चूक परवडत नाही. मग नवख्याच्या हाती काही द्यायचंच कसं? आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच क्रम महत्त्वाचा. व्हॉल्व्ह आधी नाही, रजिस्टर आधी. गावात गणपतीच्या मंडळाची पावतीपुस्तकं सांभाळणाऱ्याची चूक शंभर रुपयांची असते, ती खिशातून भरता येते आणि जन्मभर लक्षात राहते. स्वस्त चुका लहानपणी करू दिल्या नाहीत, तर महागड्या चुका नोकरीत होतात. पोलादपूरच्या डोंगरातली बरीच गावं निम्मी मुंबईत राहतात आणि तिथल्या गावमंडळांत अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी रीतसर पदं असतात. अध्यक्षपदासाठी भांडणं होतात, खजिनदारकी कुणाला नको असते. तुमच्या मुलाला तीच घ्यायला सांगा. वर्षाच्या शेवटी सगळ्या भावकीसमोर जमाखर्च वाचून दाखवणं ही कोणत्याही कंपनीच्या मुलाखतीपेक्षा कठीण परीक्षा आहे.

मार्क कमी होतील, ही भीती अर्धी खरी आहे. महिनाभर दिवसरात्र मंडपात पडून राहणाऱ्याचे होतातच. म्हणून बारावीच्या वर्षी पदं नकोत, आणि एका वेळी एकापेक्षा जास्त काम नको. पुढारीपणा म्हणजे राजकारण, पोरगं कुणाच्या तरी गाडीमागे फिरायला लागेल, ही भीती अधिक खरी आहे, आणि ती सांगणाऱ्या आईचं मी ऐकतो. फरक ओळखायची खूण सोपी आहे. ज्या कामात पोराला हिशोब द्यावा लागतो ते चालेल. ज्यात फक्त घोषणा द्याव्या लागतात आणि बॅनरवर फोटो लागतो, तिथून त्याला बाहेर काढा. लाजऱ्या मुलांबद्दल तर काळजी करूच नका. बोलघेवडे पुढे दिसतात, पण खिळे जुळवणाऱ्या मुली आणि परिषदेचं पाणी मोजून घेणारी माणसं मितभाषी असली तरी चालत होतं. मुलींच्या बाबतीत मात्र आपण अजून अन्याय करतो. बचतगटाचा हिशोब आई चोख ठेवते, पण कॉलेजातल्या लेकीला एनएसएसच्या शिबिराला रात्रभर पाठवायला घर तयार नसतं. शिबिराला कोण शिक्षिका आहेत ते विचारा, फोन नंबर घ्या, आणि पाठवा.

तेव्हा यंदा प्रवेशाची धावपळ संपली की शिबिराची फी भरण्याआधी एक करा. मुलाला किंवा मुलीला गावमंडळाच्या, चर्चच्या, वाडीच्या किंवा कॉलेजच्या एखाद्या कामाचा जमाखर्च वर्षभरासाठी द्या, तो तपासणारं एक जाणतं माणूस ठरवा, आणि मध्ये स्वतः लुडबुड करू नका. नोकरी निवडायची वेळ येईल तेव्हा पगाराच्या आकड्याबरोबर हेही विचारून घ्या की पहिली दोन वर्षं मुलाचा सुपरवायझर कोण असेल आणि तो नव्या पोरांना काय करू देतो.