राष्ट्रपतींची निवडणूक आणि १९७१ चे आकडे

राष्ट्रपतींची निवड जनतेने थेट मतदानाने करावी की नाही, हा वाद संविधान सभेतच झडला. प्रा. के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये प्रत्यक्ष निवडणुकीची दुरुस्ती मांडली. राष्ट्रप्रमुख हा समस्त जनतेचा प्रतिनिधी असावा, ही त्यांची भूमिका होती. मतदारांची प्रचंड संख्या व यंत्रणेवरील ताण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तरादाखल निदर्शनास आणला. तथापि त्यांचा खरा मुद्दा निराळा होता. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणाऱ्या नामधारी प्रमुखासाठी साऱ्या देशाचे मतदान घेण्याचे प्रयोजनच काय? पंडित नेहरूंनीही जुलै १९४७ मध्ये हीच विसंगती दाखविली होती. शहांची दुरुस्ती फेटाळली गेली. संसदीय पद्धती एकदा स्वीकारल्यावर यापेक्षा निराळा निर्णय सुसंगत ठरला नसता.

मग मतदार कोण? संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य. नामनियुक्त सदस्यांना हा अधिकार नाही. विधान परिषदेच्या सदस्यांनाही नाही. दिल्ली व पुदुच्चेरी येथील आमदारांचा समावेश १९९२ च्या घटनादुरुस्तीने झाला.

आमदाराच्या मताचे मूल्य मात्र सर्वत्र सारखे नसते. राज्याच्या लोकसंख्येस निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागून आलेल्या आकड्यास पुन्हा हजाराने भागले की ते मूल्य मिळते. १९७१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. २८८ आमदारांनी भागता प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५ येते. उत्तर प्रदेशात ते २०८, गोव्यात २० आणि सिक्कीममध्ये अवघे ७ आहे. सर्व आमदारांच्या मतमूल्यांच्या बेरजेस निर्वाचित खासदारांच्या संख्येने भागले की खासदाराचे मतमूल्य निघते. त्यामुळे केंद्र व राज्ये यांचे पारडे समतोल राहते. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती, म्हणून खासदाराचे मूल्य ७०८ वरून ७०० वर आले.

हा हिशेब आजही १९७१ च्या जनगणनेवर चालतो, आणि आजच्या वादाचे मूळ येथेच आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये हे आकडे गोठविले. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे वजन त्यामुळेच घटू नये, हा त्यामागील विचार होता. २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत असलेली ही मुदत ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली.

गोठविण्याने काय झाकले गेले, ते एका तुलनेवरून कळते. १९७१ च्या आकड्यांनुसार तामिळनाडूच्या आमदाराचे मतमूल्य १७६, महाराष्ट्राचे १७५ व बिहारचे १७३. तिघेही जवळजवळ समान. तोच हिशेब आमदारसंख्या कायम ठेवून २०११ च्या जनगणनेवर केला, तर तामिळनाडूचे ३०८, महाराष्ट्राचे ३९० आणि बिहारचे ४२८ येते. बिहारच्या नागरिकाला पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येने मोजणे न्याय्य नाही, हे खरे. परंतु कुटुंबनियोजनाचे आवाहन मनावर घेणाऱ्या राज्याचे वजन त्याच कारणाने घटावे, हेही पटण्यासारखे नाही. लोकसभेच्या जागावाटपाच्या चर्चेत ही बाजू बहुधा मागेच पडते.

२०२७ च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर ही मुदत आपोआप संपते. ती पुन्हा वाढवावयाची, तर संसदेतील विशेष बहुमत पुरेसे नाही. अनुच्छेद ५४ व ५५ मधील बदलास किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते.