थायलंडला निघण्याआधी

सांगली

चि. सोनूस,


परवा फोनवर मी गप्प बसले, ते राग आला म्हणून नव्हे. तिकीट काढायला निघालेल्या माणसाशी फोनवर बोललं की वाद होतो. कागदावर सांगितलेलं तू दोनदा तरी वाचशील.

‘पर्यटक म्हणून या, व्हिसाचं इथे आल्यावर बघू’, असं शाळेने तुला कळवलंय. हेच वाक्य 2009 साली मलाही ऐकवलं होतं. नोव्हेंबरात तिकडचं दुसरं सत्र सुरू होतं, शिक्षक मिळत नव्हता, आणि मीही घाईत होते. ईशान्य थायलंडमधल्या एका लहान गावात सात आठवडे शिकवलं. मुलं गोड, जेवण झेपेल इतपत तिखट, सगळं छान. एके दिवशी दुसऱ्या तासाला मुख्याध्यापिका लगबगीने वर्गात आल्या, माझा हात धरला आणि मला स्वयंपाकघरामागच्या कोठीत नेऊन बसवलं. कामगार खात्याची माणसं तपासणीला आली होती. तांदळाच्या पोत्यावर मी दीड तास बसून होते. कोल्हापुरात दहा वर्षं वर्गापुढे ताठ उभी राहिलेली बाई, आणि खोकलासुद्धा दाबून धरलेला! तुझ्या बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

त्या दिवशी सुटले ते नशिबाने. आता तिथला कायदा 2017 चा आहे, 2018 मध्ये सुधारलेला. परवान्याशिवाय काम करताना सापडलीस तर 5,000 ते 50,000 बाट दंड, वर देशाबाहेर रवानगी, आणि पुढची दोन वर्षं कामाचा परवाना मिळत नाही. दंड शाळेलाही होतो, पण शाळा तो भरून मोकळी होते. देश सोडायची वेळ आपल्यावर येते. म्हणून पर्यटक म्हणून जाऊन एक तासही शिकवायचा नाही, ‘नुसतं वर्गात बसून बघा’ म्हणाले तरी नाही.

आता नीट समजून घे, कारण इथेच सगळे घोळ घालतात. व्हिसा म्हणजे नुसती दारातून आत येण्याची परवानगी. तुला लागणारा तो ‘नॉन-इमिग्रंट बी’. तो मिळाला म्हणजे काम करता येतं असं नाही. कामाचा परवाना तिथलं रोजगार खातं वेगळा देतं, आणि तो त्या एका मालकापुरताच असतो. शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या शिकवणी वर्गात दोन तास घेतलेस तर तेही बेकायदाच. तिसरा कागद शिकवण्याचा. ‘खुरुसफा’ नावाची शिक्षक परिषद आहे, तिचं लायसन्स लागतं किंवा दोन वर्षांची तात्पुरती सूट तरी. तू बी.एड. आहेस, तेव्हा त्या सवलतीवर दिवस काढू नकोस, लायसन्सच्याच मागे लाग. नुसत्या पदवीवर आलेले गोरे मास्तर सूट संपली की रडकुंडीला येतात, ते मी पाहिलंय. आपली मातृभाषा इंग्रजी नाही, त्यामुळे शाळा टोइकसारख्या परीक्षेचे गुण मागतात, बहुधा 600 च्या वर. याचा अपमान वाटून घेऊ नकोस. परीक्षा इथेच देऊन जा.

माझ्या वेळी हा व्हिसा मिळवायला मला रात्रीच्या बसने नोंग खाय या गावी जावं लागलं, मेकाँगवरचा पूल ओलांडून लाओसमध्ये व्हिएंटिआनला. तिथल्या थाई वकिलातीत आज कागद द्यायचे, उद्या दुपारी पासपोर्ट घ्यायचा. आता 2025 पासून भारतातूनच ऑनलाइन अर्ज होतो. घरी बसून होणाऱ्या कामासाठी परमुलखात धावाधाव कशाला?

पण अर्जाला कागद लागतात, आणि आपलं घोडं अडतं ते तिथेच. शिवाजी विद्यापीठाचं मूळ पदवी प्रमाणपत्र तू अजून आणलेलं नाहीस, हे मला वहिनीने सांगितलं. प्रोव्हिजनलवर भागत नाही. शिवाय दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आपल्याकडे आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम निराळा. तुझ्या बी.एड.च्या कागदावर तर लग्नानंतरचं आडनाव आहे. आपल्याला हे नेहमीचं, पण थाई कारकुनाला ती दोन वेगळी माणसं दिसतात. आधी राजपत्रात नावबदल छापून घे आणि पासपोर्ट त्याप्रमाणे करून घे. मग पदवीवर राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. जपान-कोरियासारख्या देशांना मंत्रालयाचं अपोस्टील पुरतं. थायलंड माझ्या वेळी अपोस्टीलच्या करारात नव्हता, म्हणून वर त्यांच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागला. आज काय लागतं ते मुंबईच्या थाई वकिलातीत विचार, एजंटला विचारू नकोस. मंत्रालयाची अपोस्टीलची फी कागदामागे 50 रुपये आहे, मधली माणसं त्याचे किती करतात ते तूच बघशील. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून, 500 रुपयांत. तो अगदी आधी काढून ठेवू नकोस, जुना झाला की चालत नाही.

एजंटचा विषय निघालाच आहे तर ऐक. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारी परवाना लागतो, आणि उमेदवाराकडून त्याला 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. तुझ्या मैत्रिणीकडे एजंटने दोन लाख मागितलेत ना? त्याचा परवाना क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पडताळा. नोकरी बँकॉकची आणि उतरल्यावर गाडी सीमेवरच्या माए सोतकडे वळली, तर ती शाळा नाहीच. नदीपलीकडे म्यानमारातल्या म्यावाड्डीत आपली किती पोरं ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला कोंडली गेली. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

पोचल्यावरचं थोडक्यात. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. मुदतीपेक्षा जास्त राहिलीस तर दिवसाला 500 बाट. मध्येच घरी यायचं झालं तर निघण्याआधी पुन्हा प्रवेशाची परवानगी घ्यायची, एका वेळेची 1,000 बाटला मिळते. ती न घेता देश सोडला की राहण्याची वर्षाची मुदतवाढ तिथेच रद्द. तुझ्या बाबांच्या ऑपरेशनला मी धावत आले ना, तेव्हा रडत रडत आधी त्या खिडकीशी उभी होते. नोकरी सुटली की राहण्याची परवानगीही सुटते, म्हणून रागाच्या भरात राजीनामा द्यायचा नाही. आणि हो, तिकडच्या कागदांवर बौद्ध संवत असतो, आपल्या सनापेक्षा 543 ने पुढे. करारावर 2569 दिसलं तर छापायची चूक समजू नकोस.

शाळेला आजच लिही: नॉन-बी साठीची तुमची कागदपत्रं पाठवा, व्हिसा हातात पडला की निघते. खरी गरज असेल तर पाठवतील. टाळाटाळ केली तर ती शाळा सोडून दे. मे महिन्यात तिकडे नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा दुसऱ्या शाळा शिक्षक शोधत असतातच.

तिकीट अजून काढलेलं नसेल तर काढू नकोस. सोमवारी मी कोल्हापूरला जाणार आहे. विद्यापीठात तुझं प्रमाणपत्र कुणाला देतील, अधिकारपत्र लागतं का, तेवढं विचारून शनिवारपर्यंत कळव.

तुझी,
आत्या