सागरी सीमेची राखण आणि भिवंडीचा अनुभव

भिवंडी हे यंत्रमागांचे व गोदामांचे शहर म्हणून सर्वपरिचित आहे. ते खाडीकाठचे गाव आहे, याचा मात्र विसर पडतो. कामवारी नदी उल्हास खाडीला मिळते आणि ती खाडी वसईजवळ समुद्राला. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची उभारणी याच खाडीपट्ट्यात सुरू झाली. सागरी सीमा खाडीच्या वाटेने गावाच्या धक्क्यापर्यंत पोहोचते, ती अशी.

1993 च्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. ती अडविणे ज्यांचे कर्तव्य होते, त्यांच्यापैकीच काहींनी डोळेझाक केली. 26 नोव्हेंबर 2008 रोजी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरलेल्या परक्या तरुणांना प्रथम हटकले ते वस्तीतील रहिवाशांनीच. पाहणारे डोळे होते. उणीव होती ती पुढच्या दुव्याची. सागर सुरक्षा दले, सागरी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहेत.

योगायोगाने त्याच महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्याने मेक्सिकोच्या सीमेवरील कॅमेऱ्यांची चित्रे संगणकावर सर्वांना खुली केली. घरबसल्या पहारा करण्यासाठी हजारोंनी नावे नोंदविली, काहींनी तर ऑस्ट्रेलियातून! प्रत्यक्ष अटका मात्र खर्चाच्या मानाने फारच थोड्या झाल्या. कारण उघड आहे. रोजचे काय आणि वेगळे काय, हे दूरच्या प्रेक्षकास कसे कळावे? कोळ्याला प्रत्येक होडी तिच्या चालीवरून ओळखू येते.

तथापि, नागरिकांच्या पहाऱ्यात एक धोका असतो. होडीवरचा संशय माणसाच्या धर्मावर वा बोलीवर घसरण्यास वेळ लागत नाही. येथे भिवंडीचा अनुभव मोलाचा ठरतो. 1970 व 1984 च्या दंगलींनी हे शहर होरपळले होते. 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही समाजांचे सामान्य नागरिक व बीटवरील पोलीस त्यांत नियमित एकत्र बसत. अफवेची शहानिशा समोरासमोर होई. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली.

खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना हीच पद्धत अनुसरता येईल. माहिती देताना नौकेचा नोंदणी क्रमांक, वेळ, दिशा व उतरविलेला माल एवढेच सांगावे. माणसाविषयीचे तर्क पोलिसांच्या चौकशीवर सोपवावेत.